नागासाकी बघावे ते बंदराकडून

नागासाकी हे नाव मराठीत एकटे सहसा येत नाही. हिरोशिमा म्हटले की पाठोपाठ ते येते आणि ६ ऑगस्टनंतरच्या ९ ऑगस्टसारखे दुसऱ्या क्रमांकावर राहते. जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणारी किंवा फिरायला आलेली मराठी जोडपी शनिवार-रविवार गाठून तिथे जातात, तेव्हा त्यांचा बेतही बहुधा ठरलेलाच असतो. एक सकाळ अणुबाँबच्या संग्रहालयाला द्यायची आणि उरलेला दीड दिवस बंदरावर घालवायचा. त्यात परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले, डोंगरावरून दिसणारे रात्रीचे दिवे, चांपोन नावाच्या नूडल्स आणि कास्तेला केक हे सगळे बसते. शहराची पर्यटन-पत्रकेही हीच वाटणी पक्की करतात. एका बाजूला शोक आणि दुसऱ्या बाजूला मौज, असा सरळ हिशेब असतो. माझ्या मते ही वाटणी चुकीची आहे, आणि तिच्यामुळे दोन्ही बाजू नीट कळत नाहीत. नागासाकीची गोष्ट एकच आहे आणि ती बंदराची आहे. ‘जगासाठी उघडे असलेले जपानी बंदर’ हे पत्रकांतले लाडके वर्णनही अर्धेच खरे आहे. हे दार उघडे होते, पण ते किती उघडायचे, कोणाला आत घ्यायचे, आत आलेल्याने कोणाशी बोलायचे आणि कोणासोबत राहायचे हे राज्यकर्ते ठरवत होते. या शहराची चारशे वर्षे त्या राखणदारीत आणि तिला पडलेल्या फटींत गेली आहेत. दोन दिवसांत तेवढा एक धागा धरून चालले, तर बाँब जिथे पडला त्या उराकामीच्या खोऱ्यात माणूस वेगळ्या जाणिवेने पोचतो.

दोन दिवस पुरतील का, ही शंका रास्त आहे, पण भूगोल आपल्या बाजूने आहे. क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक लांबट, चिंचोळी खाडी आत शिरते. तिच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि सपाट जमीन अगदी थोडी. त्यामुळे शहर डोंगरउतारावर चढत गेले आहे आणि कितीतरी घरांपर्यंत जायला नुसत्या पायऱ्या आहेत. बघण्यासारखे जवळपास सगळे मात्र खालच्या पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात आहे, आणि त्या पट्ट्यातून १९१५ पासून ट्राम धावते. कुठेही उतरा, भाडे एकच. तोक्योहून रेल्वेने गेलात तर शनिवार गाडीतच जाईल, म्हणून विमान बरे. विमानतळ ओमुरा उपसागरातल्या एका बेटावर आहे आणि तिथून शहरापर्यंत बस मिळते. फुकुओकाहून यायचे असेल तर तिथल्या हाकाता स्टेशनवरून एक्स्प्रेस पकडावी आणि ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर शिंकान्सेनमध्ये बसावे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला हा तुकडा जेमतेम ६६ किलोमीटरचा आहे.

पहिला थांबा स्टेशनपासून चालत काही मिनिटांवरची निशिझाका टेकडी असावा. बहुतेक पर्यटक तिला वगळतात. मराठी माणसाने तरी वगळू नये. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवून मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक होते आणि बाकीचे वीस जपानी, त्यांत काही कोवळी मुलेही. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो किलोमीटर चालवत इथवर आणले गेले. त्या सहा परदेशी धर्मप्रसारकांपैकी एक होता वसईचा गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. जपानमध्ये तो आधी व्यापारी म्हणून वावरला होता आणि त्याला जपानी उत्तम येत होते. म्हणून १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे आले, तेव्हा दुभाषाचे काम त्याच्याकडे आले. १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळाले. वसईतल्या महाविद्यालयावर त्याचे नाव रोज वाचणाऱ्या कित्येकांना तो जिथे मेला त्या जागेचा पत्ता ठाऊक नसतो. १९६२ मध्ये शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी इथे ब्राँझचा एक लांब पट उभारला. सव्वीस आकृत्या एका ओळीत आहेत आणि कोणालाही क्रूसावर दाखवलेले नाही. पावले खाली सैल सुटलेली आहेत, माणूस जमिनीवर उभा नसताना सुटतात तशी. त्यांच्यात मुलांच्या आकृत्या इतरांपेक्षा आखूड आहेत, आणि ओळीवरून नजर फिरवताना ती तिथे अडखळतेच.

इतक्या दूर आणून मारण्यासाठी नागासाकीच का निवडले, हा प्रश्न विचारला की बंदराची गोष्ट सुरू होते. १५७१ मध्ये पोर्तुगीज जहाजांसाठी हे बंदर उघडले, तेव्हा इथे मोठे गाव नव्हते. ओमुरा सुमितादा या स्थानिक सरंजामदाराने आधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १५८० मध्ये त्याने हे गाव चक्क जेझुइटांच्या हवाली केले. पोर्तुगीजांचे मोठे जहाज गोव्याहून निघे, मकावला चिनी रेशीम भरून घेई आणि नागासाकीत ते जपानी चांदीच्या बदल्यात विकी. माल आणि धर्म एकाच जहाजातून येत होते. १५८२ मध्ये याच बंदरातून चार जपानी तरुण युरोपला रवाना झाले, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा त्यांचा मुक्काम गोव्यात पडला. परतताना त्यांच्यापैकी हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केले आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. ही मंडळी १५९० मध्ये घरी पोचली तेव्हा वारा फिरला होता. १५८७ मध्ये हिदेयोशीने धर्मप्रसारकांना हद्दपारीचा हुकूम दिला होता आणि लगोलग नागासाकी स्वतःच्या ताब्यात घेतले होते. दहा वर्षांनी निशिझाकावर झालेला वध हा बंदरातून ये-जा करणाऱ्यांना आणि गावातल्या ख्रिस्ती वस्तीला दिलेला इशारा होता. व्यापार चालेल, पण तो आमच्या अटींवर, असा त्याचा मथितार्थ होता. पुढची दोनशे साठ वर्षे याच वाक्यावर चालली.

त्या वाक्याचा आराखडा बघायचा तर देजिमाला जावे. १६३४ ते १६३६ या काळात समुद्रात भर टाकून पंख्याच्या आकाराचे हे कृत्रिम बेट बांधले गेले. खर्च शहरातल्या पंचवीस धनिकांनी केला, आणि तो वसूल व्हायचा होता परदेशी भाडेकरूंच्या भाड्यातून. आधी इथे पोर्तुगीजांना कोंडले. १६३७-३८ मध्ये शिमाबारात झालेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या उठावानंतर त्यांना देशाबाहेर काढले आणि १६४१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीला हिरादोहून उचलून इथे आणून बसवले. क्षेत्रफळ जेमतेम दीड हेक्टर. १६९० मध्ये आलेल्या एंगेलबर्ट केंफर या जर्मन डॉक्टरने ते पावलांनी मोजले: ८२ पावले रुंद, २३६ पावले लांब. शहराला जोडणारा पूल एकच होता. पुलाजवळच्या फलकावर कोणाला प्रवेश नाही याची यादी होती: गणिका सोडून इतर बायका, कोया पर्वताचे भिक्षू सोडून इतर साधू-संन्यासी, वर्गणी मागणारे आणि भिकारी. डचांना परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. ठरावीक काळाने एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाऊन शोगुनपुढे, म्हणजे देशाच्या लष्करी शासकापुढे, हजेरी लावायची, तोच काय तो त्यांचा मोठा प्रवास. वर्षाला मोजकी जहाजे येत. त्यांतून रेशीम, साखर आणि हिंदुस्थानातले छापील सुती कापड उतरे, आणि परतीला आधी चांदी आणि नंतर तांबे जाई. ते तांबे हिंदुस्थानातल्या बाजारांतही विकले जात होते. आज तिथे उभारलेल्या घरांत ही सगळी व्यवस्था दिसते. कारभाऱ्याचे ऐसपैस दालन आहे, तागडी ठेवलेले वखारीचे मजले आहेत, चटईवर मांडलेली खुर्ची-टेबले आहेत. गोऱ्या साहेबाचे घर जपानी सुतारांनी जपानी मापात बांधले होते, हे खोलीत पाऊल टाकताच कळते.

यावर जाणकार प्रवासी नाक मुरडतात, कारण देजिमातली बहुतेक घरे नवी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आजूबाजूला भर पडत गेली आणि बेट शहरात बुडून गेले. १९२२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तोवर समुद्र लांब सरकला होता. घरे जुन्या चित्रांवरून, उत्खननावरून आणि नेदरलँड्समधल्या लायडनला जपून ठेवलेल्या प्रतिकृतींवरून पुन्हा बांधली आहेत. म्हणजे नकलाच. आक्षेप मान्य, पण इथे बघायची वस्तू घर ही नाहीच. बघायची आहे ती हद्द. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेले की दोन-तीन मिनिटांत बेट संपते आणि माणूस पुन्हा मागे वळतो. काही डच कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. मूळ लाकूड जळून गेले तरी हे अंतर जसेच्या तसे आहे. शिवाय जीर्णोद्धार करणाऱ्यांनी एक गोष्ट फार प्रामाणिकपणे केली आहे. २०१७ मध्ये इथे पुन्हा पूल आला, पण जुन्या पुलाची नक्कल करण्याचा मोह त्यांनी टाळला. नवा पूल उघड उघड आजचा, पोलादाचा आहे, आणि त्याचा भार शहराच्या बाजूने पेलला आहे, म्हणजे बेटाचा ऐतिहासिक दगडी काठ दबत नाही.

आणखी एक आक्षेप इतिहासकारांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. जपान ‘कुलूपबंद’ होते ही कल्पनाच अतिरंजित आहे, असे ते सांगतात. त्सुशिमामार्गे कोरियाशी, सात्सुमामार्गे र्‍युक्यू बेटांशी आणि मात्सुमाएमार्गे उत्तरेच्या ऐनू लोकांशी व्यवहार चालूच होता. नागासाकीतही डचांपेक्षा चिनी व्यापाऱ्यांची उलाढाल मोठी होती. हे सगळे खरे आहे. पण बाकीच्या तीन वाटा स्थानिक सरंजामदारांकडे होत्या आणि नागासाकी थेट शोगुनच्या माणसांकडे. चिनी लोक सुरुवातीला शहरात मोकळे राहत, तेही १६८९ मध्ये कुंपणाच्या वसाहतीत गेले. देश बंद नव्हता हे मान्य केले की राखणदारी उलट जास्तच ठळक दिसते, कारण मोजून-मापून उघडे ठेवलेले दार सांभाळायला दुभाषे, कारकून, झडती घेणारे असे अख्खे शहर कामाला लागते. इतक्या पहाऱ्यातूनही गोष्टी झिरपल्याच. परदेश्यांना देशाची माहिती देणार नाही अशी शपथ घेतलेल्या तरुण मदतनिसानेच केंफरला पुस्तकासाठी माहिती पुरवली. १७२० मध्ये परदेशी ग्रंथांवरची बंदी सैल झाली आणि डच भाषेतले वैद्यक शिकायला देशभरातून तरुण इथे येऊ लागले.

नागासाकी जोडप्यांना विकले जाते ते प्रेमकथांवर. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पुच्चिनीची १९०४ ची ऑपेरा ‘मादाम बटरफ्लाय’. ग्लोव्हर उद्यानात त्या भूमिकेतल्या गायिका मिउरा तामाकी यांचा पुतळा आहे आणि त्यापुढे छायाचित्रांसाठी रांग लागते. पुच्चिनी जपानला कधी गेला नव्हता, आणि त्या उद्यानातल्या बंगल्याचा कथेशी म्हणण्यासारखा संबंधही नाही. त्यापेक्षा खरी आणि जास्त काही सांगणारी कथा देजिमातली आहे. १८२३ मध्ये फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट हा डॉक्टर तिथे आला. ताकी नावाच्या तरुणीशी त्याचे सूत जुळले. बेटावर गणिकेशिवाय कोणा बाईला प्रवेश नव्हता, म्हणून मारुयामा वस्तीतली गणिका या नात्यानेच ती तिथे जाऊ शकत होती. प्रेमालाही सरकारी वर्ग लागत होता. १८२७ मध्ये त्यांना इने ही मुलगी झाली. पुढे झीबोल्टकडे जपानचे निषिद्ध नकाशे सापडले आणि १८२९ मध्ये त्याला हद्दपार केले गेले. ताकी आणि इने मागे राहिल्या. बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. जवळपास दोनशे वर्षे आधी उलटे झाले होते: पोर्तुगीजांपासून झालेल्या मुलांना आईसकट देशाबाहेर काढले होते. नियमाची दिशा बदलली, कुटुंब मात्र दोन्ही वेळा तुटले. झीबोल्टने हायड्रेंजियाच्या एका जातीला ताकीच्या नावावरून ‘ओताक्सा’ हे नाव दिले. जून महिन्यात शहरभर हेच निळे-जांभळे गुच्छ फुललेले असतात, आणि ते शहराचे अधिकृत फूल आहे. पण कथेचा खरा शेवट इनेचा आहे. बापाच्या शिष्यांकडे ती पाश्चात्य वैद्यक शिकली आणि सुईणीचे-डॉक्टरचे काम करत राजधानीपर्यंत पोचली. १८७३ मध्ये सम्राट मेइजींच्या अपत्यजन्माच्या वेळी तिला राजवाड्यात बोलावले होते. ऑपेरातली नायिका स्वतःला संपवते. खरी मुलगी दवाखाना चालवत होती.

शनिवारची उरलेली दुपार चिनी नागासाकीला द्यावी, पण थोडक्यात. १६३४ चा चष्मा पूल, म्हणजे मेगानेबाशी, एका चिनी मठाधिपतीने बांधवला. १९८२ च्या महापुरात तो मोडला आणि पुन्हा जुळवला गेला. सोफुकुजी मंदिराचे लाल महाद्वार त्याहून भारी आहे आणि तिथे गर्दीही कमी असते. १६८० च्या दशकातल्या दुष्काळात पेज शिजवायला केलेली अजस्र कढई तिथे अजून आहे. जेवणाबाबत दोन सूचना. चांपोन हा पदार्थ १८९९ मध्ये चेन पिंगशुन या चिनी माणसाने काढलेल्या उपाहारगृहात घडला. स्वस्तात पोट भरेल असे, डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांच्या रश्श्यात भाज्या आणि मासळी घालून केलेले ते जेवण आहे. वरून भाज्यांचा ढीग दिसला तरी शाकाहारी मंडळींनी फसू नये. दुसरी सूचना शिप्पोकूबद्दल. जपानी जेवणात प्रत्येकाचे तबक वेगळे असते, इथे मात्र एका गोल मेजावर सगळे मध्ये ठेवून वाटून खातात. ही चिनी रीत याच शहरात जपानी झाली. महाग आहे, पण दोघांनी एकदा खावे असे. कास्तेला पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या बुडाशी न विरघळलेली जाडसर साखर दाताखाली येते, आणि ती साखरही याच बंदरात उतरलेली होती.

रविवारची सकाळ दक्षिणेकडच्या टेकडीवर जावी. १८५९ मध्ये योकोहामा आणि हाकोदातेबरोबर हे बंदर पाश्चात्यांना खुले झाले आणि थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश तरुण त्याच वर्षी इथे उतरला. त्याचा १८६३ चा बंगला हे जपानमधले सर्वांत जुने पाश्चात्य धर्तीचे लाकडी घर. व्हरांडा वसाहतींतला आहे आणि छपरावर जपानी कौले आहेत. खाली खाडीचा सुंदर देखावा, म्हणून लोक इथे येतात. पण ग्लोव्हर विकत काय होता, ते विसरून तो देखावा बघू नये. शोगुनविरुद्ध उठलेल्या सात्सुमा आणि चोशू या संस्थानांना त्याने जहाजे आणि बंदुका पुरवल्या. त्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली कोसुगेची गोदी पुढे मित्सुबिशीकडे गेली, सरकारी जहाजकारखानाही मित्सुबिशीने १८८७ मध्ये विकत घेतला. समोरच्या काठावर १९०९ ची प्रचंड क्रेन अजून उभी आहे. ‘मुसाशी’ ही महाकाय युद्धनौका याच काठावर गुपचूप बांधली गेली. ती झाकायला ताडासारख्या झाडाच्या तंतूंचे दोरखंड विणून पडदे टांगले होते आणि डोंगरउतारावरच्या वस्तीवर पहारा होता. ग्लोव्हरच्या बंगल्यातून ती गोदी सरळ दिसे. १९३९ मध्ये मित्सुबिशीने तो बंगला ग्लोव्हरच्या मुलाकडून विकत घेतला. आई जपानी असलेला तो मुलगा, कुराबा तोमिसाबुरो, आयुष्यभर याच शहराचा होऊन राहिला होता. युद्धात तो संशयित ठरला. ऑगस्ट १९४५ च्या अखेरीस त्याने जीव दिला. आदल्या रात्री शहराशेजारच्या इनासा डोंगरावर जाऊन जे दिवे ‘जगातल्या उत्तम देखाव्यांपैकी एक’ म्हणून बघितले, त्यांत पायथ्याशी दिसणारे याच कारखान्याचे होते. देखावा बघू नये असे मी म्हणणार नाही. तो खरोखर देखणा आहे, फक्त काय बघतो आहोत ते ठाऊक असावे.

बंगल्याच्या खालीच ओउराचे चर्च आहे. ग्लोव्हरचे घर बांधणाऱ्या कोयामा हिदेनोशिन या कारागिरानेच तेही बांधले. परदेशी रहिवाशांसाठी म्हणून ते झाले आणि निशिझाकाच्या सव्वीस जणांना अर्पण केले गेले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातले काही शेतकरी तिथे आले आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आम्हीही तुमच्याच धर्माचे आहोत. धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, दरवर्षी ख्रिस्ताच्या वा मारियेच्या प्रतिमेवर पाय देऊन ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ असे दाखवायचे, अशा अवस्थेत त्यांनी अडीचशे वर्षे श्रद्धा टिकवली होती. पाय द्यायच्या या पितळी प्रतिमा १६६९ मध्ये ओतल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी त्यांवरचे चेहरे झिजून गुळगुळीत झाले आहेत. हा शोध जगभर गाजला, पण ख्रिस्ती धर्मावरची बंदी उठली नव्हती. १८६७ पासून उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना पकडून निरनिराळ्या संस्थानांत पाठवले, त्यांतले सहाशेहून अधिक मेले. उरलेले १८७३ मध्ये परतले. गावच्या मुखियाच्या ज्या घरात त्यांना प्रतिमा तुडवायला लावत, तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि तिथे विटा रचत चर्च उभारले. १९१४ मध्ये ते पुरे झाले आणि १९२५ मध्ये त्याचे मनोरे.

आता ट्रामने उत्तरेला उराकामीकडे जावे. ९ ऑगस्ट १९४५ ला बाँबवाहू विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा होते. तिथे दिसेना म्हणून ते इकडे वळले. नेम होता शहराच्या मध्यावर, पण ढगांमुळे ११ वाजून २ मिनिटांनी प्लुटोनियमचा बाँब उत्तरेच्या या खोऱ्यावर, सुमारे ५०० मीटर उंचीवर फुटला. खाली मित्सुबिशीचे पोलाद आणि टॉर्पेडोचे कारखाने होते आणि त्यांच्यामध्ये उराकामी. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मेली. त्यांत वेठीला आणलेले कोरियन होते, चिनी कैदी होते, दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदीही होते. उराकामीच्या १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० गेले, असे मानले जाते. डोंगरांच्या आडोशामुळे ओउराचे चर्च, ग्लोव्हरचा बंगला आणि सोफुकुजी मोडतोडीनिशी उभे राहिले. आतापर्यंत आपण जे जुने नागासाकी बघितले ते शिल्लक असण्याचे हे कारण. संग्रहालयात वितळलेल्या जपमाळा आहेत. एका पायावर उभे राहिलेले सान्नो देवळाचे तोरण जवळच आहे. पण वेळ कमी असेल तर १९५९ मध्ये पुन्हा बांधलेल्या उराकामी चर्चच्या उतारावर जावे. स्फोटाने उडालेला मनोऱ्याचा घुमट ओढ्याच्या काठी जिथे घरंगळला तिथेच कलंडून पडलेला आहे. त्याच्या विटा अजून एकमेकींना धरून आहेत.

इथे माझ्या युक्तिवादावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो. बाँबला बंदराच्या गोष्टीत गोवले की त्याला अर्थ चिकटतो, आणि अर्थ चिकटला की तो क्षम्य वाटू लागतो. हा धोका काल्पनिक नाही. स्वतः जखमी झालेले, पत्नी गमावलेले डॉक्टर नागाइ ताकाशी यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत उराकामी ही देवाला वाहिलेली निष्कलंक आहुती असल्याचे म्हटले. अनेकांना त्याने धीर आला. पुढे त्यावर टीकाही झाली, की अशाने टाकणाऱ्यांची आणि युद्ध लांबवणाऱ्यांची जबाबदारी पुसली जाते. मला टीका पटते. ढगांतली फट हा योगायोग होता, त्याला नियतीचे रूप देण्यात अर्थ नाही. पण खाली कोण होते हा योगायोग नव्हता. शस्त्रकारखाने इथे होते कारण बंदर इथे होते. छुपे ख्रिस्ती शहराबाहेरच्या खोऱ्यात होते कारण बंदरावर सत्तेचा डोळा होता. परके कैदी आणि मजूर इथे होते कारण कारखान्यांना हात हवे होते. हे समजून घेतल्याने बाँबचे समर्थन होत नाही. उलट मेलेली माणसे एका गोल आकड्यातून बाहेर येतात आणि कोण, कुठली, इथे का, हे विचारता येते.

सुट्टीवर आलेल्या दोघांना एवढा भार कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एवढेच, की हा क्रम पायांना सोपा आहे: स्टेशन, निशिझाका, देजिमा, चिनी वस्ती, रात्री इनासा, दुसऱ्या दिवशी ओउरा आणि शेवटी उराकामी. ट्रामच्या रुळांनीच तो आखून दिला आहे. संग्रहालयानंतर मौजेकडे वळायची अवघड उडीही मारावी लागत नाही. ७ ते ९ ऑक्टोबरला सुवा देवळाचा कुन्ची उत्सव असतो. तेव्हा गेलात तर क्रम मोडला तरी चालेल, कारण चिनी ड्रॅगन आणि परदेशी जहाजांची सोंगे घेऊन नाचणारे शहर एरवी बघायला मिळत नाही. गंमत अशी की ख्रिस्ती प्रभाव हटवण्यासाठी उभ्या केलेल्या देवळाचा हा उत्सव आहे.

हाशिमा, म्हणजे समुद्रातले ओसाड कोळसाबेट, मी या दोन दिवसांत बसवणार नाही. ते ‘गुन्कान्जिमा’ नावाने चित्रपटांमुळे गाजले आहे. बोटीने अर्धा दिवस जातो आणि समुद्र खवळला तर उतरू देत नाहीत. तिसरा दिवस मिळाला तर जरूर जावे, पण जाण्याआधी त्या बेटाचा वाद वाचून जावा. २०१५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा युद्धकाळात तिथे मनाविरुद्ध राबवलेल्या कोरियन आणि इतर मजुरांची गोष्टही सांगू, असे जपानने मान्य केले होते. २०२१ मध्ये वारसा समितीने ते नीट पाळले गेले नाही म्हणून तीव्र खेद नोंदवला. बेटावरचा वाटाड्या खाणीच्या उंच इमारतींबद्दल, १९७४ मध्ये एकाएकी रिकाम्या झालेल्या घरांबद्दल भरभरून बोलतो. मजुरांबद्दल आपणच विचारावे लागते.